पहिली गोळी कोणी झाडली?

(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. लोणच्याचे प्रमाण विचारा, सांगते. इतिहासावर मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला प्रश्न फार पडतात. ते प्रश्नच सांगा." तेव्हा आज मी प्रश्नच घेऊन आले आहे. विद्वत्ता माझ्यापाशी नाही. वाचनालयातून आणलेली चार पुस्तके आणि मुलीने इंग्रजीतून वाचून, अर्थ लावून सांगितलेले काही, एवढीच माझी शिदोरी.

विषय आहे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा. इतक्या दूरचा विषय कशाला, असे तुमच्या मनात आले असेल. पण त्या युद्धाची सुरुवात चहाने झाली असे सांगतात, आणि चहा म्हटला की तो आपल्याच ओट्यावरचा विषय झाला! शिवाय ज्या कंपनीचा तो चहा होता, ती आपल्याही चांगल्याच ओळखीची. ईस्ट इंडिया कंपनी!

माझी धाकटी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती मोठ्याने पाठ करते आणि मी भाजी निवडता निवडता ऐकते. तिच्या टिपणात युद्धाची सुरुवात अशी दिली आहे. इंग्रज सरकारने चहावर जबर कर बसवला. चहा महागला, म्हणून चिडलेल्या लोकांनी १७७३ साली बॉस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. पुढे १९ एप्रिल १७७५ रोजी इंग्रज सैन्य लेक्सिंग्टन गावात शिरले. आदल्या रात्री पॉल रिव्हिअर नावाच्या घोडेस्वाराने गावोगाव जाऊन लोकांना जागे केले होते. सैन्याने गरीब शेतकऱ्यांवर गोळी झाडली आणि युद्ध पेटले. झाले! चार वाक्ये आणि दोन गुण.

गोष्ट छान आहे. लक्षात राहते. पण संसार करणाऱ्या बाईला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. घरातले मोठे भांडण ज्या दिवशी फुटते, त्या दिवशी ते सुरू झालेले नसते. कप फुटला म्हणून जावाजावा वेगळ्या झाल्या असे लोक म्हणतात. कपाच्या आधीची दोन वर्षे कोणी विचारत नाही. या युद्धाच्या आधीची दोन वर्षे कशी होती, ते आपण पाहू.

प्रथम चहा घेऊ. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात तीन जहाजांवरून ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. चहा होता सुमारे ९२,००० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने ४१,००० किलोंहून जास्त. इथपर्यंत सर्व खरे. पण चहा महागला म्हणून तो फेकला, हे काही खरे नाही. त्या साली चहा स्वस्त होणार होता!

तुम्ही म्हणाल, स्वस्त झालेला चहा कोणती शहाणी बाई बुडवू देईल? तर ऐका. कंपनीच्या लंडनच्या वखारींत दीड कोटी पौंडांहून अधिक चहा विक्रीवाचून पडून होता आणि कंपनी कर्जात बुडाली होती. तिला वाचवण्यासाठी पार्लमेंटने मे १७७३ मध्ये चहाचा कायदा केला. कंपनीने आपला माल सरळ अमेरिकेला न्यावा, स्वतःच्या माणसांकडून विकावा आणि इंग्लंडात भरावी लागणारी जकात तिला माफ असावी, असे ठरले. अमेरिकेत द्यावा लागणारा पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा कायम ठेवला. सगळा हिशेब करता चहा पूर्वीपेक्षा कमी भावात पडणार होता. चोरून येणाऱ्या डच चहाशीही तो टक्कर देऊ शकला असता.

आता आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याचा विचार करा. समोर एखादे मोठे दुकान उघडले आणि त्याने सहा महिने साखर तोट्यात विकली, तर आपण पिशवी घेऊन तिकडे जाऊ. वाणी दुकान बंद करील. सातव्या महिन्यात साखरेचा भाव कोण ठरवील? बॉस्टनच्या व्यापाऱ्यांना हीच धास्ती वाटली. त्यांच्यातले कितीतरी चोरट्या चहावर पैसा करीत होते, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे त्यात शुद्ध देशभक्ती होती तसा गल्ल्याचा स्वार्थही होता.

पण सामान्य माणसाचा मुद्दा निराळा होता. हा कर ज्या पार्लमेंटने बसवला, त्यात अमेरिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्या कराच्या पैशातून सरकार तिथल्या गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार देऊ लागले होते. पूर्वी हे पगार तिथली निवडलेली सभा मंजूर करी, त्यामुळे साहेबाला लोकांचा थोडा तरी धाक असे. तो धाक आता जाणार होता. स्वस्त चहा प्याला की आपल्या न्यायाधीशाचा लगाम आपण होऊन दुसऱ्याच्या हाती दिला, असा तो हिशेब होता. आणि हा हिशेब त्या काळच्या शेतकऱ्यालाही कळला होता, याचे मला कौतुक वाटते.

यात आपल्या देशाचाही एक धागा आहे. १७६९–७० साली बंगालात भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली आणि कंपनीची सारावसुली मात्र चालूच राहिली. ही बातमी अमेरिकेत पोचली होती. १७७३ साली जॉन डिकिन्सन या वकिलाने कंपनीविरुद्ध लिहिताना बंगालचे उदाहरण दिले. जिने तिथे माणसे उपाशी मारली ती कंपनी इथे आली तर काय करील, असा त्याच्या लिहिण्याचा रोख होता. आपल्या बंगालच्या आयाबायांचे हाल सातासमुद्रापलीकडे कोणाला तरी इशारा म्हणून उपयोगी पडले. शाळेच्या पुस्तकात हे नाही. ते वाचल्यावर मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

आता दुसरा भाग. चहा बुडाला म्हणून पार्लमेंटने १७७४ मध्ये शिक्षेचे कायदे केले. १ जूनपासून बॉस्टन बंदर बंद झाले. पण गावांना झोंबला तो दुसराच कायदा. मॅसॅच्युसेट्स प्रांताचे सल्लागार मंडळ लोकांच्या सभेकडून निवडले जाई, ते आता राजा नेमणार. गावकऱ्यांच्या सभा गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षातून एकदाच भरायच्या. खटल्यातले पंच सरकारी अधिकारी निवडणार. आपल्याकडे उद्या कोणी सांगितले की ग्रामसभा वर्षातून एकदा, तीही साहेबांनी हो म्हटले तर, म्हणजे कसे वाटेल? तसे त्यांना वाटले.

मग त्यांनी काय केले? बंदुका झाडल्या का? मुळीच नाही. त्यांनी कोर्टे बंद पाडली. ऑगस्ट १७७४ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन या गावी सुमारे दीड हजार माणसे कोर्टाच्या दारात उभी राहिली आणि त्यांनी न्यायाधीशांना आत जाऊ दिले नाही. महिनाअखेर स्प्रिंगफील्डला तेच झाले. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वुस्टर नावाच्या गावी ३७ गावांतून ४,६२२ माणसे आली. एवढा नेमका आकडा कसा, म्हणाल तर त्यांच्यातल्याच एकाने प्रत्येक गावाची तुकडी मोजून लिहून ठेवली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा लावून माणसे उभी राहिली. कोर्टाचे अधिकारी हातात टोपी घेऊन त्या रांगांमधून चालले आणि आम्ही नव्या कायद्याप्रमाणे काम करणार नाही असा कागद त्यांनी वाचला. मागच्यांना ऐकू यावे म्हणून तोच कागद तीसपेक्षा अधिक वेळा वाचावा लागला. त्या दिवशी एकही गोळी सुटली नाही.

सप्टेंबर संपेपर्यंत बॉस्टन शहराबाहेर मॅसॅच्युसेट्स प्रांतात राजाचा अंमल जवळजवळ उरला नव्हता. ऑक्टोबरच्या आरंभी वुस्टरच्या गावसभेने आपल्या प्रतिनिधीला लेखी सांगितले, की आता नवे सरकार उभे करायच्या कामाला लागा. त्याच महिन्यात प्रांताची स्वतःची परिषद भरू लागली. भगिनींनो, लेक्सिंग्टनच्या गोळीला अजून सहा महिने अवकाश होता! रे राफेल नावाच्या लेखकाने २००२ साली या विषयावर पुस्तकच लिहिले आणि त्याला पहिली अमेरिकन क्रांती असे नाव दिले. आश्चर्य हे की या गोष्टीत एक पुढारी नाही, एक घोडेस्वार नाही, एक हुतात्मा नाही. म्हणूनच ती विसरली गेली असावी. हजारो माणसे शांतपणे उभी राहिली, याचे चित्र भिंतीवर कोण लावणार?

ही माणसे संतमंडळी होती असे मात्र समजू नका. ज्यांना राजाशी इमान राखायचे होते त्यांना धमक्या आल्या, कोणाची घरे फोडली गेली, काहींना अंगाला डांबर फासून पिसे चिकटवून गावातून फिरवले. वुस्टरला टोपी हातात घेऊन चालणाऱ्यांतही कोणाचा बाप असेल, कोणाचा नवरा असेल. त्याच्या घरी त्या रात्री काय झाले असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

आता बायकांविषयी. चहा टाकायचा ठराव पुरुषांनी केला, पण घरात चहा करायचे थांबवले कोणी? जानेवारी १७७० च्या अखेरीस बॉस्टनमधल्या तीनशेहून अधिक गृहिणींनी चहा न पिण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. म्हणजे पेट्या बुडवण्याच्या जवळजवळ चार वर्षे आधी! विलायती कापड घ्यायचे नाही असे ठरले तेव्हा बायका एकमेकींच्या घरी, धर्मगुरूंच्या घरी चरखे घेऊन जमत आणि दिवसभर सूत कातीत. चरख्याने सरकार हलते हे आपल्याला काही नव्याने सांगायला नको. नॉर्थ कॅरोलायना प्रांतातल्या ईडेंटन गावी २५ ऑक्टोबर १७७४ रोजी ५१ स्त्रियांनी आपल्या नावानिशी ठरावावर सह्या केल्या. त्या काळी बाईने राजकारणाच्या कागदावर सही करणे ही लहान गोष्ट नव्हती. लंडनमध्ये त्यांची टिंगल करणारे चित्र १७७५ साली छापले गेले. त्यात त्या बायका वेड्यावाकड्या, हावऱ्या, मुलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या दाखवल्या आहेत. अडीचशे वर्षांत बाईची थट्टा करायची रीत फारशी बदललेली नाही, एवढेच मी म्हणेन.

आता बंदुकीकडे येऊ. पहिली गोळी लेक्सिंग्टनला सुटली असे म्हणतात ना? न्यू हॅम्पशायर प्रांतात पोर्ट्समथ बंदराजवळ राजाचा एक किल्ला होता. १४ डिसेंबर १७७४ रोजी सुमारे चारशे माणसांनी त्यावर हल्ला केला. किल्ल्यात शिपाई मोजून सहा. त्यांनी तोफा डागल्या, पण कोणी मेले नाही. लोक आत घुसले, राजाचे निशाण उतरवले आणि दारूची सुमारे शंभर पिंपे घेऊन गेले. ही घटना लेक्सिंग्टनच्या चार महिने आधीची. इथे हल्ला कोणी केला? लोकांनी. गोष्ट सांगताना ही घटना अडचणीची होते. गरीब शेतकरी आणि दुष्ट सैन्य या साच्यात ती बसत नाही.

तिकडे लंडनलाही हात जोडून कोणी बसले नव्हते. १८ नोव्हेंबर १७७४ रोजी तिसऱ्या जॉर्ज राजाने आपल्या पंतप्रधानाला पत्र लिहिले. तिथले प्रांत बंडात आहेत आणि निकाल आता मारामारीनेच लागेल, अशा अर्थाचे ते पत्र होते. बॉस्टनच्या जनरल गेजला कडक पावले उचलण्याचा हुकूम जानेवारी १७७५ च्या अखेरीस लिहिला गेला आणि समुद्र ओलांडून १४ एप्रिलला त्याच्या हाती पडला. पाचव्या दिवशी लेक्सिंग्टन घडले. दोन्हीकडून सरपण रचून झाले होते. काडी कोणाची, एवढाच प्रश्न उरला होता.

ती काडी कोणाची, हे आजही ठरलेले नाही! १९ एप्रिलच्या पहाटे गावाच्या हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्कर आणि त्याचे सत्त्याहत्तरच्या आसपास गावसैनिक उभे होते. काँकर्ड गावचा दारूगोळा नष्ट करायला निघालेले सुमारे सातशे इंग्रज शिपाई तिथे आले. कुठून तरी एक गोळी सुटली. मग सैन्याने बार काढले. गावचे आठ मेले, दहा जखमी झाले. एका इंग्रज शिपायाला किरकोळ जखम झाली. गावकरी म्हणाले, गोळी त्यांची. इंग्रज अधिकारी म्हणाले, गोळी भिंतीआडून आली. संध्याकाळपर्यंत रस्ताभर लढाई झाली आणि दोन्ही बाजूंची मिळून सव्वाशेच्या आसपास माणसे गेली. इंग्रजांची ७३, अमेरिकनांची ४९. त्या १२२ घरांतल्या आयांना पहिली गोळी कोणाची हे कळून काय मिळणार होते?

पण पुढाऱ्यांना त्याचे मोल ठाऊक होते. चारच दिवसांत त्यांनी साक्षी गोळा करायला घेतल्या. सुमारे शंभर लोकांच्या शपथेवरच्या जबान्या लिहून झाल्या. त्या घेऊन एक वेगवान गलबत इंग्लंडकडे सोडले. जनरल गेजचा अहवाल घेऊन निघालेले जहाज चार दिवस आधी सुटले होते, तरी हे गलबत त्याच्या आधी सुमारे दोन आठवडे पोचले. लंडनच्या लोकांनी पहिली बातमी वाचली ती अमेरिकनांच्या बाजूची. कॉलनीत काही झाले की जी आधी चार घरी जाऊन सांगते तिचेच खरे ठरते. हा नियम मोठ्या राज्यांनाही लागू आहे असे दिसते.

त्या जबान्यांत खुद्द कॅप्टन पार्करने शपथेवर सांगितले आहे, की सैन्य येताच मी माझ्या माणसांना पांगायला आणि गोळी न झाडायला सांगितले. आता त्याच हिरवळीवर एक शिळा उभी आहे. तिच्यावर पार्करच्या तोंडचे म्हणून शब्द कोरले आहेत. जागचे हलू नका, युद्धच हवे असेल तर ते इथूनच सुरू होऊ दे, असा त्यांचा अर्थ. हे शब्द लोकांपुढे आले ते कित्येक दशकांनंतर, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून. पार्कर बिचारा क्षयाने १७७५ च्या सप्टेंबरातच वारला होता. तो काही सांगायला येणार नव्हता.

असे का झाले असेल? १७७५ साली आपण निरपराध होतो हे जगाला पटवायचे होते. म्हणून जबान्यांत सगळे पांगणारे. अमोस डूलिटल याने त्याच वर्षी काढलेल्या चित्रातही गावकरी पांगताना दिसतात, झाडताना कोणी दिसत नाही. पुढे पन्नास वर्षे गेली. १८२५ च्या सुमारास लेक्सिंग्टन आणि काँकर्ड या दोन गावांत भांडण लागले, की खरा पहिला सामना आमच्याकडे झाला. आता निरपराधी असून भागेना, शूर असायला हवे होते. मग लेक्सिंग्टनने हयात असलेल्या वृद्धांच्या नव्या जबान्या घेतल्या, त्यात आम्ही उलट गोळ्या झाडल्या यावर भर आला. १८८६ साली हेन्री सँडमने रंगवलेल्या चित्रात तेच गावकरी छाती काढून लढताना दिसतात. ती म्हातारी माणसे मुद्दाम खोटे बोलली असे मी म्हणत नाही. एकाच बाळंतपणाची गोष्ट आपण विशीत एक तऱ्हेने सांगतो आणि सासू झाल्यावर दुसऱ्या तऱ्हेने सांगतो, तसेच हे. ऐकणारा बदलला की सांगणाराही बदलतो.

पॉल रिव्हिअरचेही तसेच. तो त्या रात्री खरोखर निघाला होता आणि लेक्सिंग्टनपर्यंत त्याने निरोप पोचवला. पण काँकर्डच्या वाटेवर तो सैनिकांच्या हाती सापडला. विल्यम डॉज दुसऱ्या वाटेने निघाला होता. काँकर्डला निरोप पोचवला तो सॅम्युएल प्रेस्कॉट या डॉक्टरने. रिव्हिअर एकटाच घरोघरी कसा पोचला? तर १८६१ च्या आरंभी लाँगफेलो या कवीची कविता छापली गेली आणि मुलांनी ती पाठ केली. कवीला एक घोडा आणि एक स्वार पुरतो. बाकीचे मग अंधारात राहतात.

अंधारात आणखीही कोणी आहेत. त्या सकाळी लेक्सिंग्टनला जखमी झालेल्यांत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक काळा माणूस होता. तो गुलाम होता. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी त्याने गोळी खाल्ली, तेव्हा तो स्वतः कोणाची तरी मालमत्ता होता. १७७३ च्या जानेवारीतच मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी आमचीही मुक्तता करा असा अर्ज सरकारला दिला होता. त्यांची क्रांती कधी सुरू झाली असे विचारले तर उत्तरात १७७५ येणार नाही.

युद्धातले एक मोठे पुढारी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन अ‍ॅडम्स यांनी म्हातारपणी, १८१५ साली, आपल्या मित्राला लिहिले, की क्रांती झाली ती लोकांच्या मनात, लेक्सिंग्टनला रक्त सांडण्याच्या आधीच्या पंधरा वर्षांत. युद्ध हा तिचा परिणाम. म्हणजे हे शहाणपण माझे नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांचेच आहे.

आता घरापाशी येऊ. लेक्सिंग्टनच्या त्याच दिवसांत आपल्याकडे इंग्रज आणि मराठे यांचे पहिले युद्ध सुरू होत होते. पुस्तकात वाचतो, की राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि युद्ध ओढवून आणले. तह त्यांनी केला, दोषही त्यांच्याकडे जातो. पण ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला तो डिसेंबर १७७४ अखेर, तहाच्या आधी! साष्टीवर त्यांचा डोळा होता आणि त्यांनी तहाची वाट पाहिली नाही. त्या किल्ल्यात आज ठाण्याचा तुरुंग आहे. त्यावरून जाणाऱ्या किती जणींना हे ठाऊक असेल? सुरुवातीची तारीख दोन महिने मागे नेली, की दोषाचा वाटाही थोडा सरकतो. म्हणून मी म्हणते, गोष्ट कुठून सुरू करायची हे जो ठरवतो, तो निम्मा निकाल तिथेच देऊन टाकतो.

मुलीने मला विचारले, "आई, मग पेपरात मी काय लिहू?" मी म्हटले, "तारीख विचारली तर १९ एप्रिल १७७५ लिही. पण कारणे विचारली तर चहा महागला असे लिहू नकोस. ते चूक आहे." तेवढ्याने तिचे समाधान झाले. माझे झाले नाही, कारण मला आपल्या या स्मरणिकेची आठवण झाली.

या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर मंडळाचा इतिहास छापायचा आहे. कच्चा मजकूर मी पाहिला. त्यात मंडळाची स्थापना उद्घाटनाच्या दिवशी झाली असे आहे. पाहुणे आले, फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाला. सर्व खरे. पण त्याच्या आधी दीड वर्ष सार्वजनिक नळाला पाणी येत नव्हते, तेव्हा आपल्यातल्या आठ जणी हंडे घेऊन पाणीखात्याच्या दारात रोज जाऊन बसत होत्या. एकीचे तान्हे मूल दुसरी सांभाळी. कागद लिहिता येणारी एकच होती, ती सर्वांचे अर्ज लिही. त्यांनीच पुढे पन्नास-पन्नास रुपयांची भिशी काढली, आणि त्या भिशीतून मंडळाची पहिली सतरंजी आली, जिच्यावर आज तुम्ही बसला आहात. त्या आठ जणींपैकी दोघी आता नाहीत. एक गाव सोडून गेली. फोटोत त्यांच्यापैकी एकच आहे, तीही कडेला, अर्धी कापली गेलेली.

पाहुण्यांचे नाव गाळा असे मी म्हणत नाही. ते आले, त्यांनी चार चांगले शब्द बोलले, त्यांचे आभार. पण त्या आठ जणींना विचारून, जुन्या अर्जांच्या नकला कोणाच्या ट्रंकेत असतील तर त्या पाहून, हा इतिहास पुन्हा लिहावा अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. आणि हे आताच करावे. लेक्सिंग्टनच्या लोकांनी पन्नास वर्षांनी जबान्या घेतल्या तेव्हा आठवणींना गावाच्या अभिमानाचा रंग चढला होता. आपल्या बायका अजून आहेत, त्यांच्या आठवणी अजून कोऱ्या आहेत. त्यांत आपसातली भांडणे निघाली तरी तीही लिहावीत. भांडण नसलेला इतिहास म्हणजे मीठ नसलेले वरण.

मैत्रिणींनो, कोणी तुम्हाला सांगितले की अमक्या दिवशी, अमक्या माणसाने, अमक्या गोळीने सर्व सुरू झाले, तर तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. त्याच्या आदल्या वर्षी काय चालले होते? ही गोष्ट पहिल्यांदा कोणी आणि कधी सांगितली? आणि या गोष्टीत जे दिसत नाहीत ते त्या वेळी कुठे होते? हे विचारायला सातवीच्या पुढचे शिक्षण लागत नाही. आणि उद्या कोणी आपल्या मुलांना पहिली गोळी त्यांनी झाडली म्हणून लढायला पाठवू लागले, तर आपण आयांनी हे प्रश्न अधिकच मोठ्याने विचारावेत.

पाणी येण्याची वेळ झाली आहे, तुमची चुळबूळ मला दिसते आहे!  त्या आठ जणींपैकी ज्या आज इथे आहेत, त्यांनी जाण्यापूर्वी चिटणीसबाईंपाशी आपली नावे लिहून द्यावीत.